हार्लनची काच वाफेत

हार्लन स्टब्स आपल्या पायांनी चाचणीच्या खोलीत आला, तेव्हा लोर्ना क्विग्लीला वाटले, आपण इतकी वर्षे वाट पाहिली ती फुकट गेली नाही.

अमेरिकेतल्या रिचलंडच्या त्या प्रयोगशाळेत दोघे एकाच वर्षी लागले होते. अणुबाँबच्या कारखान्याने जमिनीखालच्या टाक्यांत सोडलेला विषारी गाळ ज्या काचेत वितळवून कोंडायचा, ती काच शोधणे हे दोघांचे काम. जमिनीतल्या ओलीने ती काच खाल्ली जाता कामा नये, आणि हे तपासायचे ते वाफेत. छोट्या पोलादी डबीच्या तळाशी मोजके पाणी, वर तारेला टांगलेली काचेची चकती, झाकण घट्ट, आणि डबी भट्टीत. पाणी वाफेपुरतेच हवे. जास्त झाले की ते वाफ होऊन चकतीवर साचते, खाली ठिबकताना तिला खाणारे क्षार धुऊन नेते, आणि कच्ची काचही पक्की दिसते.

तरुणपणी या चाचणीत लोर्नाची काच पडली, हार्लनची खरी उतरली. त्याला मोठे पद मिळाले, तिला या भट्ट्या. पुढे बऱ्याच वर्षांनी, कोणाच्या तरी अंगणात मांस भाजता भाजता, बिअरच्या भरात तो हसून म्हणाला होता, "तेव्हा माझ्या डबीला जरा जास्तच तहान लागली होती, लोर्ना." तिने हातातली बशी खाली ठेवली होती आणि कोणाला न सांगता घरी निघून आली होती.

आता निवृत्तीआधीची त्याची शेवटची काच चाचणीला आली होती. ती उतरली की टाक्यांतला गाळ तिच्यातच ओतला जाणार होता, आणि काचेला नाव त्याचे.

"काय गं, अजून इथंच शेकत बसलीयस?"

"सांधे धरलेत ना माझे. ऊब बरी वाटते."

"डबी मीच लावीन म्हणतो. शेवटची आहे. हौस समज."

"लाव की. तुझीच काच, तुझाच हात."

त्याने चकती टांगली, पाणी सोडले. मग तिच्याकडे न बघता पाण्याची मोजनळी पुन्हा भरून डबीत रिकामी केली.

"एवढं चालतं ना गं?"

इथे तिने त्याचा हात धरायला हवा होता. ती म्हणाली, "मला काय विचारतोस? या कामात तुझा हात धरणारं कोण आहे इथं?"

तो खूश होऊन शीळ घालत गेला. त्याची पाठ वळताच तिने त्याच्याच काचेची दुसरी चकती काढली, दुसऱ्या डबीत नियमाइतकेच पाणी घातले, आणि दोन्ही डब्या एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या. लग्नाच्या दिवशीही तिला इतका आनंद झाला नव्हता.

गार झालेल्या डब्या तिने सगळ्यांसमोर उघडल्या. प्रमुख ओकाडाबाई होत्या, राजधानीहून आलेले दोन साहेब होते. पहिली चकती चकचकीत निघाली. साहेबांनी माना डोलावल्या, हार्लनने टाय सारखा केला. दुसरी चकती पांढऱ्या पापुद्र्यांनी फुगली होती. चिमट्यात धरताच तिचा चुरा झाला.

"ही कोणाची?" ओकाडाबाईंनी विचारले.

"हार्लनचीच. दोन्ही एकाच लादीतून कापल्यात. हिच्यात पाणी मी घातलं, नियमाइतकं. तिच्यात त्यानं, मनाला येईल तेवढं. डबी पालथी करून बघा, अजून आहे."

बशीत पाणी पडले.

हार्लन तिच्याकडे वळला. "लोर्ना, अगं तू तिथंच उभी होतीस."

"होते ना. डोळे भरून पाहिलं."

ओकाडाबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे दिसत असून तू त्याला करू दिलंस? आता या लोकांनी इथली कुठली चाचणी खरी मानायची? हार्लन तर जाईलच. पण भट्ट्यांच्या किल्ल्या तूही ठेवून जा."

हे मात्र लोर्नाने हिशेबात धरले नव्हते. हार्लनची काच पडली की आपली जुनी काच पुन्हा वाफेत जाईल, या खेपेला रास्त पाण्यात, अशी आशा तिने मनाच्या तळाशी जपली होती. ती आशा गेली. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

बाहेर धुळीचे वारे सुटले होते. हार्लन आपल्या गाडीपाशी उभा होता. त्याला दार उघडता येत नव्हते, किल्ली पुन्हा पुन्हा कुलपाबाहेरच आपटत होती. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिला म्हातारा दिसला. आपल्याला दया येते का, ते तिने थांबून पाहिले.

नाही आली. मग ती आपल्या गाडीत बसली, काच वर केली, आणि त्याचे दार उघडेपर्यंत बघत राहिली.