दोनदा दाबायचं बटण

मित्रांनो, माझ्या पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आहे, 'दोनदा दाब'. मी एक जुना रेकॉर्डर आहे आणि ही पट्टी हीच माझी आयुष्यभराची कमाई.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो नागपूरच्या धरमपेठेतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. तिथे खेड्यापाड्यातल्या लोकांना रेडिओचे कार्यक्रम करायला शिकवत. शेती, आजारपण, पिण्याचं पाणी, यांवर गावानेच गावासाठी बोलावं, अशी तिथे शिकवणाऱ्या सुमती मॅडमची शिकवण. मे महिन्यातही बोलणं भरायला सुरुवात झाली की त्या कूलर बंद करायला लावत, कारण त्याची घरघर मी आधी टिपत असे. सगळे घामाने निथळत, पण कुणी कुरकुरत नसे.

तिथे उमरेडकडून प्रयागबाई यायच्या. हातमागावर बसणारी बाई, अक्षरं शिकली तीही पन्नाशी उलटल्यावर. एसटीत त्या मला पदरात गुंडाळून मांडीवर ठेवत.

त्यांना पहिला कार्यक्रम मिळाला फवारणीचा. त्यांच्या गावचे वामनराव आदल्या वर्षी कपाशीवर औषध मारताना शेतातच कोसळले होते. आठ दिवस नागपूरच्या मेडिकल इस्पितळात काढून परतले, पण हातांची थरथर राहिली. लोक चेष्टा करत, म्हणून ते त्याबद्दल बोलत नसत. प्रयागबाईंनी फार विनवलं तेव्हा, एकदाच सांगेन, असं कबूल झाले. फवारणी आठ दिवसांवर आली होती. त्याआधी त्यांचं सांगणं गावाच्या कानी पडायला हवं होतं.

आता माझी रीत ऐका. लाल बटण एकदा दाबलं की माझा दिवा लुकलुकतो. तेव्हा मी नुसता तयार असतो. पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मग मी आवाज भरून घेतो. प्रयागबाईंनी एकदाच दाबलं, आणि दिवा लुकलुकला म्हणजे भरणं सुरू झालं असं त्या समजल्या. वामनराव तासभर बोलले. मधे मधे ते हातांनी करून दाखवत होते, आणि प्रयागबाई माझ्या दिव्याकडे बघत होत्या. मी सगळं ऐकलं, पण माझ्यापाशी काहीच राहिलं नाही.

धरमपेठेत कानाला हेडफोन लावला तेव्हा त्यांना ते कळलं. सुमती मॅडम रागावल्या नाहीत. दुसरा कुणी शेतकरी शोधा, एवढंच म्हणाल्या. पण प्रयागबाईंनी मला पुन्हा पदरात गुंडाळलं आणि परतीची एसटी धरली. मला वाटलं, आता सगळा दोष माझ्यावर येणार. यंत्र बिघडलं म्हटलं की कोण विचारतो?

वामनरावांच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, मशीन चांगली आहे. मीच चुकली. तुमचं बोलणं भरलंच नाही."

वामनरावांची बायको गोपिकाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "घंटाभर बोलवलं या माणसाले, अन् डबा रिकामाच?" त्या म्हणाल्या.

वामनरावांनी प्रयागबाईंना आत बसायला खुणावलं. मग म्हणाले, "मी काही पुन्हा नाही बोलत. तू सांग वं. काय आयकलं तू?"

प्रयागबाईंनी बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर झालेला पाहिला. मग मला खाली ठेवलं आणि वामनरावांकडे तोंड करून त्या सांगू लागल्या. भर दुपार होती, वारा समोरून येत होता, तुम्ही बादलीतलं औषध काडीनं ढवळलं...

"काडी कुठची?" वामनरावांनी मधेच तोडलं. "हातानं ढवळलं, कोपरापर्यंत. तेच तर सांगत होतो तुले, अन् तू त्या दिव्याकडेच पाहून राहिली होती."

"मंग तोंडाले दुपट्टा बांधला."

"तोंडाले कायचा? डोक्याले बांधला होता."

गोपिकाबाईंनी सूप बाजूला सारलं. हात न धुता भाकर खाल्ली तेही सांग म्हणावं याले, असं त्यांनी भिंतीकडे बघत सुनावलं. अशी ती दुरुस्ती दीड तास चालली. पुन्हा न बोलणारे वामनराव किती बोलले, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

फवारणीच्या दोन दिवस आधी तो कार्यक्रम लागला. त्या हंगामात वामनराव तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, मोळी घेऊन दारात बसले. औषध घेऊन शेताकडे निघालेल्या प्रत्येकाच्या हातात ते एकेक लांब तुराटी ढवळायला देत. देताना हात थरथरत, पण कुणी हसलं नाही. आणि प्रयागबाईंनी माझ्या पाठीवर ही पट्टी लावली.

पुढे मोबाइल आले आणि मी धरमपेठेतल्याच एका कपाटात गेलो. सेल कुणी काढलेच नाहीत. ते आतल्या आत पाझरले, स्प्रिंगा गंजल्या. दोन वर्षं मला कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी प्रयागबाईच तिथे शिकवायला लागल्या. त्यांनी मला शोधून काढलं आणि चिंधीला लिंबाचा रस लावून माझं पोट हळूहळू साफ केलं. आता आवाज जरा खरखरतो. तरी नवीन माणूस आला की त्या पहिल्या दिवशी त्याच्या हाती मलाच देतात, आणि आधी पाठ वाचायला लावतात.

मित्रांनो, काम झालं की सेल तेवढे काढून ठेवत जा. आम्हाला त्याहून जास्त काही लागत नाही. आणि कुणी तुमच्यापाशी मन मोकळं करू लागलं, तर माझा दिवा एकदाच नीट बघून घ्या. मग मला खाली ठेवा, आणि त्या माणसाकडे तोंड करून बसा.