उद्याची पाटी

दिवस उगवायला साखराबाईनं गठुडं बांधलं अन् तरातरा उदगीरची एसटी धरायला निघाली. मागून दगडोबा, एक चप्पल पायात, एक हातात.

"अगं साखरे, उद्यापासून दारू सोडतो की! खंडोबाची आण!"

"खंडोबा झाला, मारुती झाला. गावातले देव सरले म्हून तुमी शेजारच्या गावचा म्हसोबा उसना आणलाव. आता कुणाची आण, एसटीची?"

तिचं खोटं नव्हतं. दगडोबाच्या नुसत्या वासानं गोठ्यातली म्हैस झिंगायची, अन् तिचं दूध पिऊन मांजर उंदराला "दादा" म्हणायचं. साखराबाईनं एका बाबाची दारू सोडवायची पुडी चहात कालवली, तर तो चहा नेमका तिच्या भावानं, भागवतनं पिला. ओकून ओकून त्याची तंबाखू सुटली. दगडोबाची बाटली जागच्या जागी.

फाट्यावर सिद्रामप्पाचं किराणा दुकान. अप्पा एकेकाळी नालीला गादी समजून झोपायचे, हे सगळ्या गावाला ठाव. साखराबाई थांब्यावर एसटीची वाट बघत उभी, दगडोबा दुकानाच्या पायरीवर टेकला.

"येनो, काय रं दगडोबा, बायको चालली म्हायेराला?"

"अप्पा, उद्यापासून खरंच सोडनार हाव."

"ती पाटी वाच."

"आज नगद, उद्या उधार."

"उधार गावली का कुणाला?"

"उद्या येतोय कवा?"

"मग तू काय करायलास? आज पितो, उद्या सोडतो! उलटी टांग की पाटी. आज न्हाई. प्यायची ती उद्या."

"बस, एवढंच?"

"एवढ्यानं भागलं असतं तर मी डाक्टर झालो असतो. हात बघ तुझे, वाऱ्यावरल्या धोतरावानी हलायलेत. एकदम सोडली तर जिवावर बेततंय. आधी सरकारी दवाखाना, मग आमची बैठक. समदे दारू सुटलेले. तिथं आण मागत न्हाईत. खोटी आण कशी खायची ते समद्यास्नी येतंय."

अप्पांनी भरदिवसा दुकानाला कुलूप घातलं. तिघं एकाच एसटीत चढले. उदगीरला तिच्या म्हायेरची, अहमदपूरची गाडी समोर उभी होती, तरी साखराबाई "नुसतं बघून येते" म्हणत दवाखान्याकडं वळली.

दवाखाना झाला, बैठक सुरू झाली. मधी एकदा दगडोबाचा पाय घसरला, पिऊन आला. अप्पांनी शिवी दिली न्हाई. पुन्हा पाटीकडं बोट दावलं अन् बैठकीला नेलं.

आता सांजच्याला शेजारचा उमाशंकर, दगडोबाचा जुना प्यायचा सोबती, कुंपणावरून हाक देतो, "दगडोबा, बसायचं का?"

"उद्या बसू!"

वाट बघून बघून उमाशंकरच्या भाजक्या फुटाण्याला कोंब फुटले.

घरी परतलेल्या साखराबाईचं गठुडं मात्र तसंच बांधलेलं खुंटीला.

"सोड की आता ती गाठ," दगडोबा म्हणतो.

ती भाकर थापता थापता खुंटीकडं बघते. "आज ऱ्हाते. जायचं ते उद्या बघू."