गार झालेली वाटी

त्या चहाच्या पेढीचं नाव उभं होतं ते ताईच्या जिभेवर. डोंगरमाथ्यावरच्या मळ्याचा चहा तिथे यायचा. थंडीत सावकाश वाढलेलं पान, वासाला फुलाच्या शेजारचं. पण ताईने घोट घेऊन "जाऊ दे" म्हटल्याशिवाय एकाही डब्याला झाकण लागत नसे. गिऱ्हाइकं थट्टेने म्हणत, चहा घ्यावा भावाकडून आणि भरवसा बहिणीकडून.

तीच जीभ एका तापात गेली. ताप उतरला, चव काही परतली नाही. साखर, मीठ, चहा, सगळं कोमट पाणी. ताईने हे एकट्या धाकट्या भावाला सांगितलं, नमुन्यांच्या खोलीत, दार लोटून. तोही तिच्यासोबत रडला. मग डोळे पुसत म्हणाला, तू नुसता घोट घे, थुंक आणि माझ्या चमच्याकडे बघ. उताणा ठेवला तर चांगला, पालथा ठेवला तर परत. चव येईतोवर तुझी जीभ मी.

ताईला भरून आलं. ज्याला बोट धरून चालवलं, त्याने आता तिचं बोट धरलं होतं.

रोज सकाळी ती वाट्यांची रांग मांडी. चिमटीभर पान, खळखळतं पाणी, वर झाकण. वाळूचं घड्याळ रितं झालं की कोरा चहा पांढऱ्या वाट्यांत गाळायचा. सुर्रकन घोट, पिकदाणीत थुंकी, चमच्यावर नजर. चमचा उताणाच असे. यंदा मळा पावला म्हणायचा, तिला वाटे. चाखून झालं की धाकटा लगोलग वाट्या विसळून टाकी. पूर्वी हा इकडची काडी तिकडे करत नसे, म्हणून तिला त्याचंही कौतुक.

एके दिवशी पेढीचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक असलेले हॉटेलवाले आले आणि धाकट्याला गप्पांत असे धरून बसले की वाट्या टेबलावरच राहिल्या. दुपारी ताई त्या उचलायला गेली नि थबकली. चहा पार गार झाला होता, आणि वाटीचा तळ लख्ख दिसत होता.

आईने पान ओळखायला शिकवलं ते गाण्यातून:

ऊन आहे तोवर चहा सगळ्यांशी गोड बोले
गार होता खऱ्याच्या गं पोटामध्ये धुकं डोले

वरच्या मळ्याचा कसदार चहा निवला की गढुळतो. खालच्या मळ्याचं हलकं पान मात्र शेवटपर्यंत निवळशंख.

पाणीच वाईट असेल, ताईने मनाला समजावलं. पुन्हा आधण ठेवलं. एका वाटीला डब्यातलं पान, दुसरीला मळ्याकडून आलेल्या नमुन्याच्या पुडीतलं. पाणी एकच, वेळ एकच. मग हात मांडीवर घेऊन बसून राहिली. वाफ विरली. पुडीच्या वाटीत हळूहळू धुकं उतरलं, तळ बुडाला. डब्याची वाटी तशीच, आरशासारखी. तिच्यात ताईला स्वतःचं तोंड दिसलं. रोज "जाऊ दे" म्हणणारं.

धाकटा चमचा खेळवत आत आला. झाकणं लावायला घेतो, म्हणाला.

"नको. हा आपला चहा नाही."

त्याने वाट्यांकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, रंग उडालेला.

"चव आली तुला?"

केव्हापासून ती या प्रश्नाची वाट पाहत होती. हसत विचारील, धावत येऊन विचारील, असं मनाशी रंगवत होती. आणि त्याने विचारला तो असा, चोराने पावलांची चाहूल घ्यावी तसा.

नाही आली, ती म्हणाली. तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. सगळेच हलकं पान मिसळतात, पुटपुटला; गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

"तुला तरी कुठे कळलं इतके दिवस?" त्याने वर विचारलं.

ताईने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हॉटेलवाल्यांना बोलावून घे. माझी जीभ गेली, हे माझं मी सांगते. तुझं तू सांग."