चौदा नंबर कोणी बंद केला?

मोठे साहेब, नोटीस तुम्ही चुकीच्या माणसाला दिलीत. 'मुद्दाम लाइन तोडली, कामावरून का काढू नये?' असं ज्याला विचारलंत, त्या तारवाल्याचंच डोकं त्या दिवशी चालेनासं झालं होतं.

लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचत नाहीत, म्हणून सिस्टरचा फोन आला. तो लॅबमध्ये धावला. मशीन चालू, तार जागच्या जागी. मग खाली स्विचपाशी आला. अख्ख्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या तारा या चपट्या पेटीत येतात. त्यात लॅबच्या तारेचा, चौदा नंबरचा दिवा विझलेला. तार बदलली, दिवा ढिम्म.

लॅपटॉप जोडून त्याने पेटीची नोंद उघडली. 'अकरा दहा. चौदा, पंधरा बंद. फेरा सापडला.' म्हणजे एकाच तारेची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन भोकांत! पाठवलेलं गोल फिरून परत येतंय म्हटल्यावर, सगळं जाम होण्याआधी पेटीने आपणहून दोन्ही दारं लावून घेतली. एकदा लावली की माणसानेच उघडायची. पण भिंतीत टोक तर एकच होतं! डोकं खाजवत त्याने बारा चाळीसला चौदा नंबर उघडला. रिपोर्ट सुटले.

संध्याकाळी नोटीस हातात पडली. तो तडक लॅबमध्ये, सफाईच्या मावशींकडे गेला.

"मावशी, सकाळी इथे कोण आलं होतं?"

"इथे कोण येतंय कडमडायला? मीच पुसत होते. मशीन सरकवायला वायर मशीनमधून काढली, ती लोंबायला लागली. तपासणीला एक जरी वायर लोंबती दिसली तर खैर नाही, असा कागद लावलाय ना साहेबांनी? म्हणून भिंतीतल्या शेजारच्या भोकात खोचली. नंतर होती तिथे लावली की परत! का रे, काय झालं?"

"काही नाही. माझी नोकरी तेवढी."

मावशीचं नाव त्याने घेतलं नाही. नोंदीचा छापील कागद तेवढा तुमच्यापुढे धरला. तुम्ही बोट फिरवलंत.

"पेटीचा पासवर्ड तुझ्याकडे. आणि हे नाव कोणाचं?"

"साहेब, ती उघडल्याची ओळ आहे. बंद केल्याच्या ओळीत कोणाचंच नाव नाही."

"पण नाव तुझंच ना? झालं तर!"

तो बाहेर आला तो चक्रावूनच. उघडणाऱ्याचं नाव लागतं, म्हणून तोच चोर?

साहेब, तो लोंबत्या वायरींचा कागद लॅबच्या भिंतीवर अजून आहे. खाली सही तुमची. उद्या तारवाल्याने हजेरी लावायची की नाही? आणि चौदा नंबर बंद कोणी केला? लेखी उत्तर द्या.