कांदेबाग

आमच्या खानदेशात मृगाच्या पावसावर केळी लावली की तिला मृगबाग म्हणतात, आणि दसरा झाल्यावर थंडीच्या तोंडावर लावली की कांदेबाग. दोन्हींत केळीच असते. कांदेबागेत कांद्याची एक पातसुद्धा सापडायची नाही. हे नाव का पडलं म्हणून विचारलंत तर चार शेतकरी चार कारणं सांगतील, पण कांदे शोधायला त्यातला एकही बागेत शिरणार नाही. रावेरला विचारा, सावद्याला विचारा, फैजपूरला विचारा. फक्त पुण्याला विचारू नका.

मी विचारलं नव्हतं. तरी पुण्यानं उत्तर पाठवलं, तेही दहा प्रतींचं पार्सल करून. जळगावच्या आमच्या शाळेत शनिवारी मधल्या सुट्टीत ते आलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी दोरी सोडली. वर माझं नाव होतं, शालिग्राम भारंबे. खाली चित्र होतं: नऊवारीतली एक गोरीपान बाई वाफ्यात बसून कांदे खुरपतेय, आणि मागं डोंगर. मधे ठळक अक्षरांत, मी दिलेल्या 'कांदेबाग'च्या जागी, कादंबरीचं नाव छापलेलं, 'कांद्याची बाग'.

ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "कांदे मात्र हुबेहूब काढलेत हो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आत एक चिठ्ठी होती. पुण्याच्या प्रकाशकांच्या संपादकांनी लिहिलं होतं, 'आपल्या बोलीतील दुर्बोध शब्द बदलून सर्व वाचकांना रुचेल असे रूप दिले आहे. कथानकात कांद्याऐवजी वारंवार केळीचा उल्लेख येत होता, ती नजरचूक दुरुस्त केली आहे.' म्हणजे दोनशे साठ पानांत मी केळी लिहिली ती नजरचूक, आणि यांना कांदे दिसले ती दृष्टी! शिपाई घंटा द्यायला गेला तरी मी ती चिठ्ठी हातात घेऊन उभाच होतो.

मी काही नवखा नाही. या कादंबरीआधी माझी नऊ पुस्तकं निघाली होती. लहान मुलांच्या गोष्टींची तीन, त्यातल्या एकात उंदीर टपालखातं चालवतात. जरा मोठ्या मुलांसाठी 'विहिरीत पाणी येतं कुठून?' सापांवर एक, संमेलनात बसवायची दोन नाटुकली, आणखी एक असंच. आणि 'केळीची लागवड व निगा'. ही चौसष्ट पानांची पुस्तिका जळगावच्याच एका छापखान्यात छापली, आणि तिनं माझ्या नावाचं वाटोळं केलं. तिची तिसरी आवृत्ती निघाली. मागच्या वर्षी धुळ्याला साहित्यिकांचा मेळावा झाला. व्यासपीठावर माझी ओळख करून दिली ती 'सुप्रसिद्ध केळीतज्ज्ञ' म्हणून, आणि बोलायला विषय दिला बालवाङ्मय, वेळ दहा मिनिटं. कादंबरीवर बोलायला दुसरे होते. जेवणाच्या पंगतीत त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "तुम्ही नक्की लिहिता तरी काय?" मी वरणभात कालवत राहिलो.

म्हणून ही कादंबरी. मोठ्या माणसांसाठी, पूर्ण लांबीची. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते सांगताना मला अजून जड जातं. कादंबरी माझ्या थोरल्या बहिणीची होती. धुरपदाअक्का फैजपूरला दिलेली. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणाला, जमीन माझ्या हवाली कर आणि घरात बसून दोन घास खा. अक्कानं त्याच वर्षी दसऱ्यानंतर त्या जमिनीत कांदेबाग लावली, एकटीनं. तो जेठ बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला काहीतरी उत्तर दिलं आणि तो परत गेला, तो कायमचाच. आख्खी कादंबरी त्या एका प्रसंगावर उभी होती.

अक्काला अक्षर येत नव्हतं. पण मी तिच्यावर लिहितोय म्हटल्यावर ती पन्नाशीला टेकलेली बाई गावातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली. दोन वर्षं पाटी गिरवली. "तू माह्यं लिवलं, तं मीच वाचीन. दुसऱ्याच्या तोंडून नही," म्हणाली. समीक्षक काय म्हणतात याची मला हाव होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठी हाव होती ती अक्कानं पुस्तक मिटून 'हो, हे माझंच' म्हणण्याची. तेवढ्यासाठी मी चार वर्षं घासली होती.

रविवारी सकाळी एस. टी.त बसलो. पिशवीत पुण्याची एक प्रत आणि माझं मूळ हस्तलिखित. छापलेलं दाखवायचं, झालेला घोटाळा सांगायचा आणि खरं ते वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं.

भुसावळला शेजारी एक शेतकरी येऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं मला ओळखलं.

"केयीवाले भारंबे सर ना तुम्ही? मी जीवराम, सावद्याचा. तुमचं पुस्तक हाये आमच्या घरी. देवाच्या फोटोमागं ठेवतो."

"कुठलं?" मी उगाच विचारलं.

"केयीचं. अजून कोनतं? त्यातली ती बाई लय आवडते आमाले. 'पाटात पाय देऊन उभं राहू नका, पानी अडतं!'" तो स्वतःच खदखदा हसला. "माह्यी म्हतारी आल्यागेल्या बठ्ठ्या पावन्यायले हेच म्हनते." मग त्याची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या चित्रावर गेली. "आँ? आतां कांद्यावर बी लिवलं का सर?"

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बाहेर दोन्ही अंगांना केळीच केळी होती.

अक्का ओट्यावरच होती. मी काही बोलायच्या आत तिनं पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं आणि मांडीवर ठेवलं. चित्रावरून बोट फिरवलं. मग एकेक अक्षर जोडत नाव वाचलं.

"कां-द्या-ची बा-ग." ती थांबली. "कोनाची रे ही बाग? आपुन कवा कांदे लावले?"

"अक्का, ती त्यांची चूक झाली. आतलं वाच. ते जेठाचं वाच." मी पान काढून दिलं.

तिनं वाचायला घेतलं. ती वाचत असताना मला बसवेना. शब्दाला शब्द जोडताना तिच्या कपाळावर घाम आला. पुण्यानं छापलेलं वाक्य असं होतं: 'भाऊजी, ही भूमी माझ्या सौभाग्याची साक्ष आहे. प्राण गेला तरी मी ती त्यागणार नाही!' 'सौभाग्याची'पाशी ती तीनदा अडखळली. वाक्य संपलं तशी तिनं मान वर केली.

"ही कोन बाई हाये?"

"तूच ग, अक्का."

"मी?" ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं पुन्हा चित्राकडे पाहिलं. "चांगली दिसते बिचारी. पन मले वळखू येत नही."

दोन वर्षं पाटी गिरवून ही बाई स्वतःला भेटायला आली होती आणि समोर दुसरीच कुणी बसलेली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. पुण्याच्या त्या माणसाला मी तोंडाला येईल ते बोललो. मग पिशवीतून हस्तलिखित काढलं.

"हे ऐक. हे माझं आहे. तुझ्या बोलीत आहे. यांनीच सगळं बिघडवलं." आणि मी माझ्या आवाजात, शाळेत नाटक बसवताना लावतो तो सूर लावून वाचलं: "'दादा, हे वावर माह्या कुकवाचं हाये! रगत सांडीन, पन एक ढेकूय देनार नही!'"

अक्का ऐकत होती. मी वर पाहिलं. तिच्या तोंडावर तेच होतं, पुण्याचं वाचताना होतं ते.

"हे बी मी नही म्हटलं."

"असं कसं? तू उत्तर दिलंस ना? आणि तो गेला ना?"

"देल्लं. पन असं नही. कुकू तं पुसलं व्हतं माह्यं, कुकवाचं कसं म्हनीन मी? आन् रगत कशाले सांडू? मले बाग जगवाची व्हती." ती पदराशी चाळा करत राहिली. "तू कवा इचारलंच नही का मी काय म्हटलं."

चार वर्षांत चौदा वेळा मी तो प्रसंग लिहिला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं, हे खरं होतं. मला वाटलं होतं, अशा वेळी बाई जे बोलते ते मला ठाऊक आहे. लेखक आहे ना मी!

"मग काय म्हणालीस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काय म्हननार? मोटीचं पानी चाललं व्हतं. ते येऊन उभे राह्यले ते पाटातच. जोडा घालून. जमीन दे, जमीन दे, करू राह्यले. मी खालच्या अंगाले पाह्यलं तं पानी पोचेना. केयी सुकू राह्यल्या. तं म्हटलं, पाय काढा, पानी अडतं." ती माझ्याकडे पाहू लागली. "त्यायनं पाय काढला. आन् गेले. मंग नही आले."

मी हस्तलिखित मिटलं.

"तुले मांगंच सांगतलं व्हतं मी हे," अक्का म्हणाली. "तू त्या केयीच्या पुस्तकासाठी पान्याचं इचारू राह्यला व्हता तवा. तू लिवलं बी."

ती आत गेली आणि पुस्तिका घेऊन आली. पहिल्या आवृत्तीची प्रत, कडेला केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेली. पान तिला शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं. 'पाणी देण्याची रीत' या प्रकरणात, पाण्याच्या पाळ्यांच्या कोष्टकाखाली, मी छापलं होतं: 'पाटात पाय देऊन उभं राहू नका, पानी अडतं. — धुरपदाबाई, फैजपूर.' ते मी तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. शेतकऱ्यांसाठी तर लिहायचं, त्याला घासायचं कशाला, म्हणून. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्याला कुणी हात लावला नव्हता.

अक्कानं ओळीखाली बोट धरलं आणि न अडखळता एका दमात वाचली. मग बोट नावावर ठेवलं.

"ही मी," म्हणाली.

दुपारच्या एस. टी.ला अजून वेळ होता. तिनं मला भाकरी वाढली. कादंबरी ओट्यावर तशीच पडली होती, वरची गोरी बाई कांदे खुरपत होती. जेवून उठताना मी ती पिशवीत टाकू लागलो, तर अक्कानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. वाचीन मी. तिचं पुढं काय व्हतं, पाहीन," ती म्हणाली. "कोन हाये कोन जाने, पन तिच्यावर बी काही आलंच असंन ना."