कोपराने लावलेले दार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असते, तरी माझे डोके तापलेले आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलावे असा रिवाज आहे, तो मला माहीत आहे. आज मात्र मला गोड बोलवत नाही.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. माझ्या दाराला जाड रबर होते आणि एक भक्कम खटका. दार लावताना त्यावर पंजा ठेवून जोराने दाबायचे, मग ‘खट्ट’ असा आवाज यायचा. तो आवाज आला की आतले सगळे सुरक्षित. वाटले होते, एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत मानाची जागा मिळेल. प्रयोगशाळा मोठीच मिळाली, पण माझी जागा जिन्याखाली, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. कारण माझ्या पोटात माणसांची शी ठेवायची होती.

हसलात ना? हसा. सगळेच हसतात.

माझा सारा कारभार एका सिस्टरच्या हाती होता. पन्नाशी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना त्या विनवायच्या, की दर वर्षी एका डबीत थोडासा मळ आणून द्या. आपल्या आतड्यांत अगणित जिवाणू राहतात. मेंदू हळूहळू झिजवणारे काही आजार आहेत, त्यातल्या कंपवातात हातपाय थरथरू लागतात. अशा रोग्यांच्या आतड्यांतली ही वस्ती बरेचदा निराळी दिसते. पण आधी काय बिघडते, पोट की मेंदू, याचे पक्के उत्तर अजून कोणापाशी नाही. माणूस आजारी पडल्यावर तपासून ते कसे कळणार? म्हणून तो बरा असतानाचा नमुना हवा. लोक म्हणायचे, हवे तर बाटलीभर रक्त घ्या, पण हे नको. आजारपण परवडले, पण लाज सोडवत नाही, अशी ही माणसाची जात.

एक जण मात्र न लाजता आला. समोरच्या रस्त्यावर त्याचे पाट्या रंगवायचे दुकान होते आणि सगळे त्याला पेंटरकाका म्हणत. तो कापडी पिशवीत डबी घालून भर बाजारातून चालत यायचा. कोणी विचारले, काका, काय घेऊन चाललात, तर म्हणायचा, ठेव ठेवायला चाललोय. त्याची बायको त्याची मनसोक्त थट्टा करायची. लोक दवाखान्यात फळे नेतात, आमचे हे काय नेतात ते विचारू नका, असे ती सिस्टरना ऐकवायची. डबीवरचा क्रमांक तो स्वतः लिहायचा. त्याचे आकडे इतके देखणे असत, की सिस्टर बाकीच्यांच्या डब्या मागे सरकवून त्याची पुढे ठेवत.

अशी काही वर्षे गेली. मग एकदा त्याने आवाज खाली करून सांगितले, की हल्ली दिवसदिवस पोट साफ होत नाही. पुढच्या वेळी म्हणाला, दुकानात बसून टर्पेंटाइनचा वास येत नाही. घरी दूध करपले तेव्हा बायको स्वयंपाकघरात धावली, तो ढिम्म बसलेला. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, वय झाले, फिरायला जा, म्हणून वाटेला लावले. मी त्याचे आकडे पाहत होतो. ते दर वर्षी थोडे थोडे बारीक होत चालले होते, अंग चोरून बसल्यासारखे. पण मला तोंड कुठे आहे?

मग त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि आजाराला नाव मिळाले, कंपवात. तुंबलेले पोट, गेलेला वास, बारीक आकडे, सगळी त्याचीच आधीची पावले होती. ज्या हाताने आयुष्यभर पट्टी न लावता सरळ रेघ ओढली, त्या हातातून चहा सांडू लागला. त्या दिवशी सिस्टर माझ्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आता त्यांच्या जुन्या डब्या जिवापाड जप. चांगले होते तेव्हाच्या आहेत त्या.” मी जपल्या. माझी मोटर म्हातारी झाली होती, तरी कुरकुर न करता जपल्या.

सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी नव्या संशोधकाला खटका दाखवला, पंजा लावून दाबायचा, खट्ट ऐकायचे, रबरावरचा बर्फ आठवड्याला खरवडायचा, सगळे समजावले. तो नाकाला रुमाल लावून माना डोलवत होता. उणे ऐंशी अंशाला वास कुठला येणार? वास त्याच्या डोक्यात होता. वरच्या मजल्यावर रक्ताचा फ्रीजर आहे. त्याचे दार हा रुमालवाला दोन्ही हातांनी, देवघराचे लावावे तसे लावायचा. माझे कोपराने ढकलायचा. कधी टाचेने.

मित्रांनो, कोपराने खटका बसत नाही.

मोठ्या सुटीच्या आदल्या दुपारी त्याने एक खोका काढला, दार कोपराने लोटले आणि तो जेवायला गेला. दार फटीएवढे उघडे राहिले. आत ऊब शिरू लागली तसा मी घंटा वाजवू लागलो. शेजारच्या खोलीतला कारकून फोनवर बोलत होता. तो तसाच फोन कानाला लावून आला, बटण दाबून घंटा बंद केली आणि पलीकडच्याला म्हणाला, “काही नाही रे, तो घाणीचा फ्रीजर बोंबलतोय.” रक्ताचा फ्रीजर नुसता खाकरला तरी अख्खा मजला धावतो. माझ्यासाठी कारकुनाने मान वळवून आतसुद्धा पाहिले नाही. मग इमारतीला कुलूप लागले.

सुटीभर माझ्या पोटातले एकेक वर्ष वितळत गेले. उबेत काही जिवाणू वाढले, काही मेले. पेंटरकाकाने जपून आणलेली ती जुनी वस्ती पुन्हा कधीच पाहायला मिळणार नव्हती.

सुटीनंतर रुमालवाला सगळ्यांच्या आधी आला. त्याला जमिनीवर पाणी दिसले. ते त्याने स्वतः गुडघ्यावर बसून पुसले, आणि दार लावले, पंजा लावून, खट्ट! त्या दिवशी बरा पंजा सापडला! आतले सगळे पुन्हा गोठले. वरून पाहणाऱ्याला काही कळले नसते आणि त्यानेही कोणाला कळू दिले नाही. अळीमिळी गुपचिळी.

काही महिन्यांनी पेंटरकाका आणि काकू दोघे आले. जुन्या डब्या आता तपासायला घेणार, असे त्यांच्या कानावर आले होते. काका जिन्याखालच्या स्टुलावर बसला. हाताचा कंप दिसू नये म्हणून त्याने तो मांडीखाली दाबून धरला होता. त्याने एवढेच विचारले, “डॉक्टर, माझं आधी काय बिघडलं? पोट की डोकं?”

रुमालवाल्याला खोटे बोलणे सोपे होते. तो रुमालाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला, आणि शेवटी त्याने सगळे सांगून टाकले. एवढे एक श्रेय मी त्याला देतो. त्याहून कणभर जास्त नाही.

काकाने माझ्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, “घाण वाटली म्हणून कोपरानं लावलंत. मला काय वाटत नव्हती? मलाही वाटायची. तरी बाजारातून घेऊन आलो, आणि वर आकडा नीट काढला.”

“काका, आपण नव्याने नमुने घेऊ,” रुमालवाला म्हणाला.

“ते आजाऱ्याचे झाले. चांगला होतो तेव्हाचं आता कुठून आणू?”

रागाने माझी मोटर धडधडत होती, आणि तोंड नसल्याचे दुःख मला त्या दिवसाइतके कधीच झाले नाही.

मग काकू उठल्या. इतकी वर्षे ज्यांनी या डब्यांची टर उडवली, त्याच काकू. त्यांनी पदर खोचला आणि रुमालवाल्यापुढे हात पसरला. “मला द्या डबी. मी अजून धडधाकट आहे. पण दार मी लावणार.”

दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन आल्या, त्याच कापडी पिशवीतून. काकाने क्रमांक लिहिला. मुंगीएवढा आला, पण रेघ त्याने सोडली नाही. रुमालवाल्याने हातमोजे घालून डबी आत ठेवली आणि सवयीने कोपर उचलले. काकूंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. मग स्वतःचा पंजा खटक्यावर ठेवून सगळ्या अंगाचा भार दिला आणि आवाज येईपर्यंत तो काढला नाही.

मित्रांनो, माझी माफी मागायला कोणी आलेले नाही आणि मी माफ करणारही नाही. तुमच्याकडे मागणे एकच. घरातले कोणी म्हातारे माणूस आवाज खाली करून पोटाचे काही सांगू लागले, तर नाक मुरडू नका, हसू नका, पुरते ऐकून घ्या. आणि कोणी विश्वासाने काही तुमच्या हवाली केले, मग ते शी का असेना, तर दार हाताने लावा.