जागल्यांच्या मुली

बाटलीत लाल डोळा दिसला.

बाटली बोटभर उंचीची, तळाशी शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा थर, तोंडाला कापसाचा बोळा. आत पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात तसल्या बारीक माशा. फक्त आमच्या माशांचे डोळे पांढरे असतात आणि त्या जवळजवळ झोपतच नाहीत. ही जात घडवण्यात माझ्या मार्गदर्शक बाईंची उमेदीची वर्षं गेली. प्रयोगशाळेत सगळे तिला 'जागल्या' म्हणतात. या बाटलीत लाल डोळ्यांची माशी असणं म्हणजे बाहेरचं कोणीतरी घरात शिरलेलं असणं.

गॅस सोडून मी माशांना निजवलं. जागल्यांना निजवायचा तेवढाच एक उपाय. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. नर होता, चांगला धडधाकट.

बाहेर कॉरिडॉरमध्ये रंगकाम चाललं होतं. तीन विभागांचा मिळून एकच विभाग होणार होता आणि माशांच्या खोलीत संगणक बसणार होते. बाई महिनाअखेर निवृत्त होत होत्या. माझ्या आधीपासून इथे संशोधन करणारा दादा एका कंपनीत लागला होता. माशांचं खाणं शिजवणाऱ्या काकूंना परीक्षा विभागात पाठवलं होतं. आणि मला दुसऱ्या शहरात, झोपेवर काम करणाऱ्या एका सरांकडे संशोधनाची जागा मिळाली होती. मिळाली म्हणजे, जवळजवळ. सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "जागल्या घेऊन आलात तर जागा तुमची. नुसत्याच आलात तर मला पुन्हा मुलाखती घ्याव्या लागतील." पार्सल या शुक्रवारी निघायचं होतं.

आमच्या खोलीत एक रीत होती. प्रत्येक जात दोन ट्रेमध्ये ठेवायची, आणि दोन्ही ट्रे एका हाताने कधीच बदलायचे नाहीत. एक दादाने सोमवारी, दुसरा मी गुरुवारी. जुन्या बाटलीतल्या माशा नव्या खाण्यावर घ्यायच्या, बस. दादा गेल्यावर दोन्ही ट्रे माझ्याकडे आले. मागच्या आठवड्यात दादाच्या ट्रेमधल्या जागल्या मला फार कमी वाटल्या. मी दोन्ही बाटल्यांतल्या माशा एकत्र केल्या आणि सारख्या वाटून नव्या बाटल्यांत भरल्या. किती सुटसुटीत वाटलं होतं तेव्हा! हा नर त्याआधीच दोनपैकी एका बाटलीत शिरलेला असणार. मादी एकदा नराकडे गेली की त्याचं बीज बरेच दिवस पोटात साठवते. आता दोन्ही नव्या बाटल्यांतल्या एकाही मादीचा भरवसा नव्हता.

मी ब्रश उचलला. या नराला तेलात बुडवून मारायचं, बाकीच्यांना बाटलीत परत ठेवायचं. पुढे पिल्लांत लाल डोळ्यांचं काही निघालं तर तेही वेचायचं. पांढरे तेवढे पाठवायचे. कोणाला कळणार होतं?

"काय गं, श्वास का रोखलायस?" बाई दारात उभ्या होत्या. हातात पुस्तकांचं खोकं.

मी खुर्चीवरून उठले. बाईंनी खोकं खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगाला डोळा लावला.

"जावईबापू देखणे आहेत," त्या म्हणाल्या. "कुठल्या ट्रेमधले?"

"दोन्ही. म्हणजे... मी एकत्र केल्या, बाई."

"एकत्र?"

"दादाच्या बाटलीत फार थोड्या होत्या."

"अगं, मग थोड्या राहू द्यायच्या!" त्या स्टुलावर बसल्या. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"लाल तेवढे वेचून काढले तर?" मी विचारलं.

"आणि मुलगे? पांढऱ्या डोळ्यांच्या आईचे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचेच निघतात, बाप कोणीही असो. डोळ्यांचा रंग त्यांना आईकडूनच मिळतो. झोपेचा दोष मात्र दोघांकडून यावा लागतो. तुझे ते पांढरे मुलगे तिकडे जाऊन ढाराढूर झोपतील. मुलगे आईवर गेले म्हणून हुरळू नये. बापाचा पत्ता मुली सांगतात, बाप लाल तर त्याही लाल."

हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं होतं. ब्रश हातात धरल्यावर मात्र ते आठवायचं नव्हतं, इतकंच.

"जुन्या बाटल्या कुठायत?" बाईंनी विचारलं. "एकत्र करायच्या आधीच्या. त्यांत कोश असतील. दोन्ही बाटल्या एकदम बिघडलेल्या नसतात, त्यासाठीच तर दोन हात."

जुन्या बाटल्या मी धुवायच्या पेटीत टाकल्या होत्या. धुण्याआधी ती पेटी फ्रीजरमध्ये जाते, आतलं सगळं मरावं म्हणून.

मी पळत खाली गेले. फ्रीजरच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता. शिपाईमामा जिन्यावर बसून चहा पीत होते.

"मामा, धुवायची पेटी?"

"कुठली? माशांची? अहो ताई, फ्रीजर गेला नव्या इमारतीत. पेटी काय डोक्यावर घेऊन फिरू? ठेवलीय जिन्याखाली. माझीच बदली कुठं झालीय ते मला अजून कोणी सांगेना, पेटीचं काय विचारता."

पेटी जिन्याखाली रंगाच्या डब्यांना खेटून होती. थिनरच्या वासाने डोळे चुरचुरले. या वासात माणसाचं डोकं धरतं, कोशांचं काय होईल? मी पेटी उचलून मोकळ्या हवेत आणली आणि एकेक बाटली उजेडात धरली. दादाची सापडली. माझीही सापडली. काचेला तांबूस कोश चिकटलेले. जिवंत की मेलेले, बाहेरून कळत नव्हतं.

त्याच पायरीवर बसून मी सरांना फोन लावला. शुक्रवारी पार्सल निघणार नाही, असं सांगितलं. का, तेही सांगितलं. पलीकडे कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"महिनाअखेरपर्यंत टेबल रिकामं ठेवतो," सर म्हणाले. "पुढचं माझ्या हातात नाही. आणि मुलींचे डोळे स्वतः तपासा, विद्यार्थ्यांवर सोपवू नका."

"सर, इथे आता विद्यार्थी उरलेच नाहीत."

खोलीची किल्ली दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. बाटल्या बाईंच्या केबिनमध्ये आल्या, रिकाम्या फडताळात. मी तिथेच ठाण मांडलं. आईचा फोन आला. "तुझ्या माशांच्या लेकीबाळींचं आटपलं की घरी ये. जेवण झाकून ठेवलंय."

दादाच्या बाटलीतून आधी दोन नर निघाले. पांढरे डोळे. मी ढिम्म राहिले. मग एक मादी कोशातून डोकं काढू लागली. पंख चुरगळलेले, अंग फिकट, आणि डोळे लाल. घुसखोर दादाच्या ट्रेमधला होता. याचा आनंद मानायचा की नाही तेच कळेना, कारण माझी बाटली अजून गप्प होती. थिनरचा वास नाकातून जात नव्हता.

माझ्या बाटलीतलं पहिलं बाहेर आलं ते दुसऱ्या दिवशी, बाई फाइली बांधत असताना. मादी. मी भिंगाखाली पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा पाहिलं.

"बोल की!"

"पांढरे."

"एकीवर जाऊ नकोस."

गेले नाही. आठवडाभर एकेक मुलगी तपासली. काही कोश काळे पडून मेले. निघाल्या त्या सगळ्या पांढऱ्या डोळ्यांच्या. लाल एकही नाही. तरी रात्री स्वप्नात मला लाल डोळेच दिसत.

पार्सल बांधायच्या दिवशी मी नव्या जागल्यांच्या दोन बाटल्या केल्या. एक सरांसाठी खोक्यात ठेवली. दुसरी टेबलावर राहिली.

"हिला कोण बघणार?" मी विचारलं. केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो आणि बाईंचा तिथला तो शेवटचा दिवस होता.

बाईंनी बाटली उचलून पर्समध्ये उभी ठेवली, शेजारी चष्म्याचं घर, म्हणजे ती आडवी पडू नये. "आमच्याकडे केळी झाकून ठेवायची सवय आहे सगळ्यांना. तू तिकडे बाटली कधी बदलणार?"

"सोमवारी."

"मग मी गुरुवारी," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, थोड्या दिसल्या तरी एकत्र करायच्या नाहीत. फोन करायचा."